धावला असता तर

२०२३ सालच्या पहिल्या सकाळी मी कोलंबसमधल्या आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर आणि दूध आणायला गेले होते. एरवी गजबजलेलं दुकान त्या दिवशी गपगार होतं. गल्ल्यावरच्या बाई साठी उलटलेल्या, अंगात लाल स्वेटर, गळ्यात बकआयच्या, म्हणजे ज्याच्यावरून इथल्या विद्यापीठाच्या संघाला नाव पडलं त्या झाडाच्या, तपकिरी बियांची माळ. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन त्यांनी तिचा नंबर दाबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “धावला. शेवटी धावला एकदाचा.” माझ्या मागे कॉफीचा डबा घेऊन उभा असलेला माणूस लगेच म्हणाला, “महिनाभर उशिरा.” बाईंनी मान हलवली, पावती फाडून माझ्या हातात दिली आणि त्याच्याकडे वळल्या. कोण धावला, कुठे धावला, हे आम्हा तिघांपैकी कुणीही बोललं नाही. ओहायोत त्या सकाळी ते सांगायची गरजच नव्हती.

घरी आले तरी तो आवाज डोक्यातून जाईना. त्यात राग नव्हता, समाधानही म्हणता येणार नाही. लग्नाला नक्की येतो म्हणालेला भाऊ अखेर मांडवात पोचावा, पण तोवर अक्षता पडून गेलेल्या असाव्यात, अशातली काहीतरी गत होती. आदल्या रात्री अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्या गावचं ओहायो स्टेट विद्यापीठ जॉर्जिया विद्यापीठाकडून हरलं होतं, ४२–४१. एका गुणाने. मोसम संपला होता. आणि या बाईंना त्या गेलेल्या गुणापेक्षा एकवीस वर्षांचा एक पोरगा चेंडू छातीशी धरून सत्तावीस यार्ड पळाला, याचं जास्त पडलं होतं.

सी. जे. स्ट्राउड. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक. त्या हिवाळ्यात आमच्या गावात हवापाण्याच्या खालोखाल कुठल्या विषयावर बोललं गेलं असेल तर तो याच्या पायांवर.

हा अमेरिकन फुटबॉल मला इथे येऊन बऱ्याच उशिरा कळायला लागला आणि अजूनही अर्धामुर्धाच कळतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, एवढं समजलं की बाकीचं हळूहळू अंगवळणी पडतं. प्रत्येक संधीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येतो, आणि मग त्याच्याजवळ जेमतेम तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरून सव्वाशे-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला सुटलेले असतात, आणि त्याचे स्वतःचे तसेच धिप्पाड गडी त्यांना थोपवत त्याच्याभोवती एक कोंडाळं धरून उभे असतात. त्या कोंडाळ्यात उभं राहून लांब कुणीतरी मोकळा होण्याची वाट बघायची, चेंडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, नाहीतर सरळ स्वतः घेऊन पळायचं. स्ट्राउड वाट बघणाऱ्यांतला. मला तर तो खेळताना फार देखणा वाटायचा. आजूबाजूला हाडं मोडायचा कार्यक्रम चाललेला असताना हा जणू बसची वाट बघत असल्यासारखा उभा, आणि मग मनगटाची एक हालचाल. चेंडू असा सुटायचा की जिथे कुणीच नाही अशा जागी तो उतरतोय असं वाटावं, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी तिथे पोचलेलं असायचं. २०२२ च्या १ जानेवारीला रोझ बोल नावाच्या सामन्यात युटाविरुद्ध त्याने असे ५७३ यार्ड फेकले, सहा टचडाउन, म्हणजे सहादा चेंडू थेट समोरच्या टोकाच्या गोलक्षेत्रात. तेव्हा त्याच्या पायांची चौकशी कुणी केली नव्हती.

चौकशी सुरू झाली मिशिगनमुळे. ओहायोतली सगळी भांडणं शेवटी मिशिगनवर येऊन ठेपतात. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात इमारतींवरच्या, पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल पट्टी चिकटवून फुली मारतात, आणि जुनी माणसं तर त्या संघाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘तो वरचा संघ’ म्हणतात. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला सोन्याच्या चड्डीचं एक चिमुकलं पदक मिळतं. ही रीत १९३४ सालापासूनची. तेव्हाचा प्रशिक्षक म्हणाला होता की तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून चड्डी चढवतात, घाबरायचं काय त्यांना. स्ट्राउडला ते पदक एकदाही मिळालं नाही. २०२१ साली मिशिगनच्या गावी, अ‍ॅन आर्बरच्या बर्फात ४२–२७ ने हरले. २०२२ साली, २६ नोव्हेंबरला, आमच्याच घोड्याच्या नालेच्या आकाराच्या स्टेडियममध्ये, लाखावर माणसांसमोर, मध्यंतराला २०–१७ अशी आघाडी असताना दुसऱ्या अर्ध्यात फक्त तीन गुण केले आणि ४५–२३ ने पडले. बचाव फळीला मिशिगनच्या डोनोव्हन एडवर्ड्सने दोनदा फाडून काढलं, एकदा ७५ यार्ड आणि एकदा ८५. स्ट्राउडने स्वतः ३४९ यार्ड फेकले होते. पण दुसऱ्या दिवशी सगळं गाव विचारत होतं ते एवढंच, की समोर मोकळं रान असताना हा पळाला का नाही?

या प्रश्नाला पुरावा होता, हीच पंचाईत. तीनच आठवड्यांपूर्वी नॉर्थवेस्टर्नच्या मैदानावर असा वारा सुटला होता की फेकलेला चेंडू कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. त्या दिवशी स्ट्राउडने फेकून जेमतेम ७६ यार्ड मिळवले आणि पळून ७९. त्यातली एक धाव ४४ यार्डांची. संघ २१–७ ने जिंकला. म्हणजे पाय आहेत! मग शनिवारी कुठे ठेवून आला होता? आमच्या ऑफिसमध्ये एक जण हे वाक्य डिसेंबरभर रोज म्हणायचा, कॉफी ओतता ओतता. नवऱ्याचा केस कापणारा म्हणायचा की त्याला दुखापतीची भीती वाटते, पुढे कोट्यवधी डॉलरचा करार वाट बघतोय ना. मराठी मंडळाच्या एका जेवणात, पंगतीत वाढता वाढता, एका काकांनी मला ऐकवलं की हा पोरगा गोड आहे, पण त्याच्यात ‘ती’ आग नाही. हे काका निवृत्त स्थापत्य अभियंता, मूळचे नाशिकचे. श्रीखंडाची वाटी हातात होती आणि आवाज असा, की घरातल्या धाकट्या भावाचं लग्न जमत नसावं.

गंमत अशी की त्याच्या आधी काही वर्षं याच गावाने जे. टी. बॅरेट या आधीच्या क्वार्टरबॅकवर उलटा आरोप केला होता. बॅरेट पळायचा. २०१६ साली मिशिगनविरुद्ध दुसऱ्या जादा डावात, चौथी आणि शेवटची संधी, यार्डभर अंतर बाकी, आणि तो चेंडू घेऊन घुसला. पुढे गेला की नाही यावर मोजदाद झाली, पडद्यावर पुन्हापुन्हा बघितलं गेलं, आणि तो पोचला असा निर्णय कायम राहिला. पुढच्याच चालीत सामना जिंकला, ३०–२७. मिशिगनचे लोक आजही ती जागा दाखवून सांगतात की पोचला नव्हता. अशा माणसाबद्दल ओहायोतले लोक वर्षानुवर्षं म्हणत राहिले, की नुसता पळतो हो, फेकता येत नाही. बॅरेटचे पाय आणि स्ट्राउडचा हात एकाच अंगाला जोडून मिळाले असते तर या गावाने तिसरं काहीतरी शोधलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

डिसेंबरात या सगळ्यावर हाइझमनचं सावट. कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत उत्तम खेळाडू कोण, हे ठरवणारा हा कांस्याचा पुतळा. एक हात पुढे करून समोरच्याला ढकलत निघालेला गडी. १९३५ सालापासून देतात. मतदार नऊशेच्या घरात, त्यातले ८७० क्रीडापत्रकार, शिवाय हयात असलेले जुने विजेते, आणि सगळ्या देशातल्या सगळ्या चाहत्यांचं मिळून एक मत. एक! त्या एका मताच्या नऊशेव्या हिश्श्यापेक्षाही कमी वाटा असलेली माणसं या विषयावर जेवढी भांडतात तेवढी नगरपालिकेच्या निवडणुकीत कुणी भांडताना मी पाहिलेली नाहीत. मतदाराने तीन नावं लिहायची, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. कोलंबसला या पुतळ्याचा फार लळा आहे. विजेत्याला एक आणि त्याच्या विद्यापीठाला एक असे दोन पुतळे मिळतात, आणि आर्ची ग्रिफिन नावाच्या ओहायो स्टेटच्या खेळाडूने १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोनदा तो पटकावला. दोनदा जिंकणारा आजवर तो एकटाच. त्यामुळे इथल्या लोकांना आपल्या क्वार्टरबॅकने न्यूयॉर्कच्या त्या सोहळ्यात नुसतं जाऊन बसणं म्हणजे परीक्षेला बसून नापास झाल्यासारखं वाटतं.

स्ट्राउड दोनदा जाऊन बसला. २०२१ साली चौथा आला. दुसऱ्या नंबरवर मिशिगनचा एडन हचिन्सन होता, ज्याने त्या बर्फातल्या सामन्यात याला तीनदा आडवा केला होता. २०२२ साली हा तिसरा आला. पहिला सदर्न कॅलिफोर्नियाचा केलेब विल्यम्स, २०३१ गुण. दुसरा टेक्सास ख्रिश्चनचा मॅक्स डगन. स्ट्राउडला ५३९. ऑक्टोबरात ज्याचं नाव सगळ्यांच्या आधी घेतलं जात होतं त्याची ही गत एका दुपारच्या खेळाने झाली, असं लोक म्हणतात, आणि ते खोटंही नाही. मतदार आकडे बघतात असं कागदावर असतं, पण प्रत्येक जण एक प्रसंग शोधत असतो, सगळा मोसम ज्यात मावेल असा, ज्याला इथे ‘हाइझमन मोमेंट’ म्हणतात. स्ट्राउडजवळ तोवर ३७ टचडाउन होते आणि प्रसंग एकही नव्हता. किंवा होता तो नको तो.

पण मला या पुतळ्याबद्दल सगळ्यात अजब वाटतं ते त्याचं वेळापत्रक. मतं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडतात. मोसमातले सगळ्यात मोठे सामने त्यानंतर होतात. म्हणजे वर्षातला उत्तम खेळाडू वर्ष संपायच्या आधी ठरतो. २००६ साली ओहायो स्टेटच्याच ट्रॉय स्मिथला हा पुतळा जवळजवळ एकमताने मिळाला. पुढच्या महिन्यात विजेतेपदाच्या सामन्यात फ्लोरिडाने त्यांना ४१–१४ ने लोळवलं आणि स्मिथने चौदा वेळा फेकून चारदा चेंडू पोचवला, एकंदर ३५ यार्ड. पुतळा परत मागायला कुणी आलं नाही. आणि २०२२ च्या विल्यम्सचा संघ पुरस्काराच्या आठवडाभर आधी युटाकडून हरला, त्याच पराभवाने विजेतेपदाच्या चार संघांच्या स्पर्धेत जागा रिकामी झाली आणि मिशिगनकडून मार खाल्लेलं ओहायो स्टेट मागच्या दाराने आत आलं. ज्याच्याकडे पुतळा गेला त्याच्याच पराभवाने याला अजून एक सामना मिळवून दिला. त्या सामन्याला मत नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये मालिकावीर कोण हे अंतिम सामना झाल्यावरच ठरायचं, आणि तरीही ते कुणाला पटायचं नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी काकांबरोबर बसायचे, बायका-मुली तिथे फारशा नसायच्या त्या काळात. मैदान नुसतं मातीचं, उन्हं कलली की धुळीचा एक पडदा तयार व्हायचा आणि गोलपोस्टपाशी नेमकं काय झालं हे निम्म्या लोकांना दिसायचंच नाही. हलगी वाजत असायची, भुईमुगाच्या शेंगांच्या टरफलांचा खच, कुंपणाला पोलीस टेकलेले. आमचे काका पाटाकडील तालमीच्या संघाचे. म्हणजे ते कधी खेळले नव्हते, तालमीत व्यायामालाही गेले नसावेत, पण पाटाकडील हरलं की रात्री जेवायचे नाहीत. खंडोबा तालमीविरुद्धचा सामना असला की दोन दिवस आधीपासून घरात आवाज चढलेला असायचा.

सामना संपल्यावर खरा सामना चहाच्या गाड्यावर सुरू व्हायचा. “म्होरं गडी मोकळा हुता की! पास द्याला काय झालतं त्येला?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते एखाद्या आरतीसारखं पाठ आहे. पास दिला आणि तो वाया गेला तर पुढच्या आठवड्यात तेच तोंड म्हणायचं, “सवता मारायला काय झालतं?” ज्याच्याबद्दल बोललं जायचं तो पोरगा पुष्कळदा त्याच गाड्यावर पलीकडच्या बाकावर बसून वडापाव खात असायचा. मान खाली, कान इकडे. दिवसा तो कुठल्यातरी गॅरेजात किंवा वडिलांच्या दुकानात बसायचा, दोन गल्ल्या सोडून राहायचा. काका त्याच्या वडिलांना ओळखायचे. तरी आवाज कमी नाही व्हायचा. उलट तो ऐकतोय हे माहीत असल्यावर चढायचाच. मला लहानपणी हा दुष्टपणा वाटायचा. मग एकदा त्याच पोराचा पाय मोडला, तेव्हा दवाखान्यात रात्री झोपायला गेलेल्यांत काका होते, घरून भाकरीचा डबा घेऊन.

कोलंबसमध्ये स्ट्राउड पलीकडच्या बाकावर नसतो. तो कॅलिफोर्नियातला, रँचो कुकामोंगाचा, आणि या गावात त्याचा मुक्काम तीन हिवाळे. त्याच्या हेल्मेटवर चिकटवलेली बकआयच्या पानांची बक्षिसं दुरून दिसतात, चेहरा टीव्हीवर. पण गल्ल्यावरच्या बाई त्याच्याबद्दल ज्या आवाजात बोलल्या तो गाड्यावरचाच आवाज होता. ‘धावला एकदाचा’ यात वर्षभराची आर्जवं होती. आपण ओरडत होतो ते त्याला ऐकू आलं, असं काहीतरी.

त्या रात्रीबद्दल सांगायला हवं. ३१ डिसेंबरला आम्ही गावाबाहेरच्या एका मित्राच्या घरी जमलो होतो, दहा-बारा मराठी कुटुंबं, तळघरात मुलांचा दंगा, स्वयंपाकघरात पावभाजीच्या तव्याचा खणखणाट. दोन टीव्ही चालू होते. स्वयंपाकघरातल्यावर न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर, बैठकीतल्यावर अटलांटाचा सामना. समोर जॉर्जिया, आदल्या वर्षीचे विजेते, त्या मोसमात एकही सामना न हरलेले. कुणालाच फारशी आशा नव्हती, आणि स्ट्राउड असा खेळायला लागला की बायकासुद्धा तवा सोडून बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. आणि तो पळत होता! कोंडाळं फुटलं की बाजूला सरकत होता, पुढे घुसत होता, पळता पळता फेकत होता. ३४८ यार्ड, चार टचडाउन. चार डावांतला तिसरा संपला तेव्हा ३८–२४. नाशिकचे काका उभेच होते, बसायला तयार नव्हते. तो डाव संपता संपताच, स्ट्राउडच्या फेकी झेलणाऱ्या मार्विन हॅरिसन ज्युनियरला गोलक्षेत्रात असा दणका बसला होता की तो बाहेर गेला आणि परत आला नाही. दंड झाला, मग पडदा बघून मागे घेतला. मग ओहायो स्टेटने एक फसवी चाल रचली, ती यशस्वीही झाली, पण जॉर्जियाचा प्रशिक्षक कर्बी स्मार्टने चेंडू सुटायच्या निमिषभर आधी टाइमआउट घेतलेला होता. सगळं पुसलं गेलं. मग जॉर्जियाची एक ७६ यार्डांची फेक. मग ५४ सेकंद उरलेले असताना आणखी एक टचडाउन, आणि ४२–४१.

शेवटच्या चढाईत स्ट्राउड मागे सरला, कुणी मोकळं दिसेना, आणि त्याने चेंडू बगलेत मारला. बैठकीत एकच आवाज झाला. ‘पळ’ मराठीत, ‘गो’ इंग्रजीत, कुणाच्या तरी सासूबाई ‘अगं बाई’. सत्तावीस यार्ड. जॉर्जियाच्या ३१ यार्डांच्या रेषेवर तो थांबला तेव्हा चोवीस सेकंद होते. पुढची चाल, चेंडू डॅलन हेडनच्या हातात, एक यार्ड मागेच. दोन फेकी वाया. मग नोआ रगल्स ५० यार्डांवरून लाथ मारायला आला, चेंडू खांबांमधून गेला तर तीन गुण आणि सामना आमचा. आणि इथे घड्याळांनी काय खेळ केला बघा. स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर उलटी मोजणी सुरू झाली. पोरं तळघरातून ओरडत वर आली. लाथ बसली, चेंडू डावीकडे वळत वळत खांबाच्या कितीतरी बाहेरून गेला, आणि त्याच क्षणी पलीकडच्या खोलीतून ‘हॅपी न्यू इयर’चा गजर. अर्ध्या घरात मिठ्या आणि अर्ध्या घरात सुतक. माझा मुलगा मला शुभेच्छा द्यायला आला आणि माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं? मला ते त्याला सांगता येईना. मला स्वतःलाही कळेना की माझ्या घशात नक्की काय अडकलं आहे. मी या विद्यापीठात शिकलेले नाही, या गावात जन्मलेले नाही.

गाडीतून परत येताना नवरा म्हणाला, चेन्नई. आमच्या घरात अशा प्रसंगी कुणीतरी चेन्नई काढतंच. जानेवारी १९९९, पाकिस्तान, चौथ्या डावात २७१ हवेत, सचिनची पाठ गेलेली, १३६, आणि विजयाला सतरा धावा बाकी असताना सकलैनला उचलून मारायला जाऊन झेल. बारा धावांनी हार. सामनावीर सचिन. आणि मग पुढची कित्येक वर्षं, तो फटका मारायची काय गरज होती. मला ही तुलना एरवी आवडत नाही, कुठल्याही दुःखाला क्रिकेटचं माप लावायची आपल्याला खोडच आहे. पण त्या रात्री एक फरक मात्र जाणवला. चेन्नईत चुकलेला फटका सचिनचाच होता. अटलांटात स्ट्राउडने स्वतः शेवटचं जे केलं ते, लोक वर्षभर ज्याची मागणी करत होते, नेमकं तेच होतं. पळाला. हवा तेव्हा, हवा तसा. आणि तरी हरले.

तेव्हा वाद मिटायला हवा होता. तो मिटला नाही, नुसता दुसऱ्याच्या दारात गेला. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या कॉफीवाल्याने ओहायो स्टेटचा प्रशिक्षक रायन डेला धरलं, त्याने ती पुढची चाल हेडनच्या हातात का दिली. केस कापणाऱ्याने पंचांना धरलं. नाशिकच्या काकांनी तर स्ट्राउडलाच परत धरलं, वेगळ्या टोकाने. असा पळता येत होतं तर आधी का नाही? आधी पळाला असता तर मिशिगनला हरवलं असतं, मिशिगनला हरवलं असतं तर पुतळा मिळाला असता, विजेतेपद मिळालं असतं. एका धावेवर त्यांनी सगळा मोसम परत उभा केला. त्यांच्या डोळ्यांत मी बघत होते, तिथे तो मोसम खरंच उभा होता, आणि ते तो जिंकत होते. कोल्हापूरच्या काकांचं ते चहाच्या गाड्यावरचं ‘पास द्याला काय झालतं’ हे आता मला आणखी वेगळं ऐकू येतं. ते त्या पोराला उद्देशून नव्हतंच बहुधा. गेलेला सामना आणखी थोडा वेळ चालू ठेवायची ती एक रीत होती. कुणीतरी एकाने ठरवलं आणि म्हणून हरलो, असं म्हटलं की निदान ते उलटंही ठरवता आलं असतं असं वाटत राहतं. धुळीने, वाऱ्याने, एखाद्या टाइमआउटने हरलो म्हटलं की बोलायलाच काही उरत नाही.

पुढच्या एप्रिलात व्यावसायिक संघांच्या निवडीत स्ट्राउडला ह्यूस्टनने दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. इकडे त्याच्या जागी काइल मकॉर्ड आला. नोव्हेंबर २०२३, अ‍ॅन आर्बर, मिशिगन पुढे ३०–२४, शेवटची चढाई, आणि मकॉर्डने फेकलेला चेंडू मिशिगनच्या हातात. अकरा सामने सलग जिंकून आलेला पोरगा त्या एका फेकीने संपला आणि महिन्याभरात सिराक्यूज विद्यापीठाकडे निघून गेला. त्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या आजोबांनी, पानं गोळा करायचं फावडं हातात घेऊन, मला कुंपणावरून सांगितलं, “स्ट्राउड असता तर पळाला असता.” मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एका वर्षात स्ट्राउड पळणारा झाला होता! २०२२ च्या डिसेंबरात याच माणसाने, याच कुंपणावरून, त्याला लाकडी पायांचा म्हटलं होतं.

आणि मग २०२५ चा जानेवारी, पुन्हा अटलांटा, तेच स्टेडियम, विजेतेपदाचा सामना, समोर नोत्र दाम. ओहायो स्टेट आठ गुणांनी पुढे, सामना संपायला तीनेक मिनिटं, तिसरी संधी, अकरा यार्ड हवेत. शहाणा माणूस इथे चेंडू हातात देऊन घड्याळ पळू देतो. विल हॉवर्डने जेरमाया स्मिथकडे लांब फेकला, ५६ यार्ड, आणि सामना तिथेच संपला, ३४–२३. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे त्या निर्णयाच्या धाडसाबद्दल, शहाणपणाबद्दल बोलत होते. मी विचारलं, चेंडू स्मिथच्या हातातून निसटला असता तर? कॉफीवाला माझ्याकडे असा बघत राहिला की मी त्याच्या घरातल्या कुणाबद्दल अभद्र बोलले.

आता हे सगळं एवढं लिहिल्यावर मला अशा वादांपासून चार हात लांब राहायला हवं. पण मी चहाच्या गाड्यावर वाढलेली आहे. म्हणून एकदाच सांगते. रगल्सने त्याच सामन्यात थोड्याच वेळापूर्वी ४८ यार्डांवरून गोल केला होता, ही त्याच्या टप्प्याची हद्द सगळ्यांना दिसत होती. जॉर्जियाचे बचावपटू दमलेले, सगळ्या रात्रीत त्यांना स्ट्राउडला नीट आवरता आलं नव्हतं, आणि आत्ताच त्याने सत्तावीस यार्ड पळून दाखवले होते. घड्याळात चोवीस सेकंद. अशा वेळी चेंडू त्याच्याकडून काढून दुसऱ्याच्या हातात देऊन मधोमध घुसवणं हे मला अजून पटलेलं नाही. डेच्या बाजूने नवरा दर दिवाळीला तीन मुद्दे मांडतो, त्यातला दुखापतग्रस्त हॅरिसनचा मुद्दा थोडाफार बरा आहे. बाकीचे दोन ऐकून घेण्यासारखेही नाहीत.